हिंदुरावचं चांगलं सॅम्पल

हिंदुरावची एकसष्टी आली आहे. सत्कार समिती नेमून झाली, मांडव ठरला, बारामतीहून बँड यायचाय. आणि त्या निमित्तानं जो अंक छापायचा आहे, त्यात मास्तरांनी, म्हणजे मी, दोन पानं जीवनचरित्र लिहून द्यावं असं समितीनं परस्पर ठरवून टाकलं. समितीतले निम्मे माझ्याच हाताखाली बाराखडी गिरवलेले. त्यांना वाटलं, मास्तर शुद्ध लिहितात, तेव्हा गोडही लिहितील. शुद्ध लिहीन, त्याची काळजी नको. गोडाचं मात्र माझ्याच्यानं होणार नाही.

अंकात त्याला 'आदरणीय' छापतील. मी एकेरीतच लिहिणार. आम्ही एका पाटावर बसून शिकलो म्हणून नव्हे. वाडीतल्या कितीतरी बरोबरीच्या माणसांना मी अहोजाहो करतो, अगदी गुरं राखणाऱ्या सिद्धूलासुद्धा. हिंदुरावला करवत नाही.

निरवांगीच्या अलीकडं, कालव्याच्या कडेला आमची वाडी. हिंदुरावचा आजा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचा. बापाच्या काळात कालव्याचं पाणी वावरात आलं, ऊस आला आणि मेंढरं गेली. बापानं हाडाची काडं करून जमीन उभी केली. यात लाजण्यासारखं काय आहे ते मला आजवर कळलेलं नाही. पण हिंदुरावला लाज. कारखान्याचे कोणी साहेब घरी यायचे झाले की हा आधी भिंतीवरची घोंगडी काढून कणगीमागं कोंबायचा आणि बापाला सांगायचा, "आबा, तुमी मागल्या दारी बसा." तो म्हातारा मुकाट्यानं उठून मागं जायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

शाळेतही हेच. गुरुजी पाट्या तपासायला लागले की हा शेजाऱ्याची पाटी ओढून आपली म्हणून पुढं करायचा. शेजारी बहुतेक वेळा मी असायचो. गुरुजी त्याला शाबास म्हणायचे आणि कोरी पाटी समोर असल्याबद्दल मला छडी मिळायची. पाढे मला येत होते, त्याला येत नव्हते. पण हा फरक फक्त आम्हा दोघांनाच ठाऊक होता. हिंदुरावच्या लेखी तर फरक नव्हताच. गुरुजींना जे दिसलं तेच खरं, बाकी कशाला कोण विचारतो, असा त्याचा तेव्हापासूनचा हिशेब.

मोठेपणी तो दूध सोसायटीचा सचिव झाला आणि त्याच्या या गुणाला सोन्याचे दिवस आले. रोज पहाटे वाडीचं दूध कॅनमध्ये गोळा व्हायचं आणि गाडीनं बारामतीला जायचं. सोबत एका लहान बाटलीत त्याच दुधाचं सॅम्पल. ती बाटली तपासून वरचे लोक ठरवणार, वाडीचं दूध किती कसाचं. हिंदुरावच्या दावणीला एक मुऱ्हा म्हैस होती. तिचं दाट दूध हा तांब्यात वेगळं झाकून ठेवायचा आणि सॅम्पलची बाटली त्यातून भरायचा. कॅनमध्ये काय आहे ते कॅनला ठाऊक. वर्षानुवर्षं वाडीचं फॅट एका रेषेत. कोणी हळूच विचारलंच तर हा हसून म्हणायचा, "सॅम्पल पास म्हंजी दूध पास."

एकदा आरोग्य खात्याचा माणूस पिण्याच्या विहिरीचं पाणी तपासायला बाटली देऊन गेला. हिंदुराव तेव्हा पंचायतीत होता. विहिरीत त्या वर्षी शेवाळ धरलेलं, वास यायचा. यानं घरचं उकळून गार केलेलं पाणी फडक्यातून गाळून बाटलीत भरून दिलं. दाखला आला, पाणी पिण्यास योग्य. त्या उन्हाळ्यात निम्मी वाडी जुलाबानं आडवी झाली, भामाबाईची धाकटी नात गेली, आणि हा गडी तो दाखला खिशात घालून दारोदार दाखवत हिंडला. पाण्याचा दोष न्हाय, लोक शिळं खात्यात, म्हणाला. त्या दिवसापासून मी त्याच्या सावलीला उभा राहत नव्हतो. पण वाडी लहान. शेजार टाळून टाळणार किती?

त्याची बायको कुशाबाई. अबोल. अबोल म्हणजे मुळातली नव्हे, लग्नानंतर झालेली. मुलगा रविराज बारामतीला एमआयडीसीत एका कंपनीत लागला होता. दोन मुली लग्न होऊन गेल्या. तिसरीही मुलगीच झाली तेव्हा हिंदुराव बारा दिवस बाळंतिणीच्या खोलीत फिरकला नाही आणि तेराव्या दिवशी नाव सांगून मोकळा झाला, नकोशी. शाळेत नाव घालताना मी म्हटलं, "दुसरं घालू या की." तर म्हणाला, "नावानं काय व्हतंय मास्तर, पुढच्या टायमाला पोरगा झाला म्हंजी बास." पुढची वेळ आलीच नाही. नकोशी मात्र अंगापिंडानं खणखणीत निघाली.

रविराजची बायको रोहिणी कळसची, माझ्या बायकोच्या माहेरची. तिचा बाप गेणबा अजून थोडी मेंढरं बाळगून होता. लग्नात हिंदुरावनं पाहुण्यांना व्याह्याची ओळख करून दिली ती 'कळसचे मोठे बागायतदार' म्हणून. गेणबा भाबडा माणूस. तो प्रत्येकाला हात जोडून सांगत होता, "न्हाय वो, आमची मेंढरं हायती."

रोहिणीचं पहिलं बाळंतपण सातव्यातच आटोपलं. आदल्या दिवसापर्यंत ती भाकऱ्या बडवत होती, दुखणं नाही, खुपणं नाही. एकाएकी कळा आल्या आणि मूल गेलं. वाडीनं आपल्या परीनं निदान केलं. कोणी नजर म्हटलं, कोणी कालव्यावर तिन्हीसांजेला गेली म्हणून म्हटलं. हिंदुराव म्हणाला, मेंढरवाड्यातली पोरगी, अंगात रग्गत न्हाय. हे बोलताना आपला आजा त्याला आठवला नसावा.

पुन्हा दिवस गेले तेव्हा रविराजनं, त्यानं आयुष्यात केलेली बहुधा एकुलती एक धडाडी, बायकोला बारामतीत बाळंतपणं करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडं न्यायचं काढलं. हिंदुराव बरोबर निघाला आणि मलाही जीपमध्ये घातलं. "बाईमाणूस डॉक्टर हाय मास्तर, तिच्याशी कसं बोलायचं? तुमी शुद्ध बोलता." म्हणजे तिथंही चांगलं सॅम्पल हवं होतं, ते मी.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्या खेपेचं सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "लघवी तपासायची. नुसती वरवर नाही, जंतू वाढतात का ते दोन-तीन दिवस ठेवून बघायचं."

हिंदुराव म्हणाला, "तिला तर कायबी तरास न्हाय."

"म्हणूनच तपासायची," बाई म्हणाल्या. "गरोदरपणात कधी कधी लघवीत जंतू असतात आणि बाईला जळजळ नाही, ताप नाही, काही कळतच नाही. ते तसेच राहिले तर वर मूत्रपिंडापर्यंत चढतात. मग थंडी वाजून ताप येतो, वेळेआधी कळा सुरू होतात. मागच्या वेळी असंच झालं असेल, असं मी छातीठोक सांगत नाही. पण जंतू सापडले तर थोड्या दिवसांच्या गोळ्या, की काम झालं. आणि एकदा तपासून थांबायचं नाही, मध्ये पुन्हा एकदा बघायचं."

रोहिणी इतका वेळ खाली मान घालून बसली होती. सासऱ्यासमोर ती कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "बाई, कितीबी येळा तपासा. मला ह्या डाव पोर जितं पायजेल."

बाईंनी तिला बूच लावलेली स्वच्छ बाटली दिली. सकाळची पहिली लघवी, आधी अंग धुऊन, सुरुवातीची धार सोडून मधली धरायची आणि बर्फात ठेवून लगेच दवाखान्यासमोरच्या तपासणीच्या दुकानात, लॅबमध्ये, पोचवायची. पोचवणार कोण, हा प्रश्नच नव्हता. दुधाची गाडी रोज सकाळी बारामतीला जाते, गाडीत बर्फ असतो आणि गाडीबरोबर हिंदुराव असतो.

परतताना तो जीपमध्ये सारखा चुळबुळत होता. "त्या तपासणीच्या दुकानात आपल्या शेजारच्या गावचं पोरगं कामाला हाय," तो मला म्हणाला. "उद्या लघवीत जंतू निघालं तर आठवडे बाजारात बोंब व्हईल, हिंदुरावच्या सुनेला घाण रोग हाय म्हणून. लोकांला काय, जंतू म्हटलं की एकच सुचतंय."

मी म्हटलं, "लोकांचं सोड. पोर जगलं पाहिजे ना?"

"ते तर हायच की," तो म्हणाला, पण इतक्या हलक्या आवाजात, की दुधाच्या दराबद्दलसुद्धा तो याहून जीव लावून बोलायचा.

पुढं त्यानं काय केलं ते मला नंतर समजलं, पण सांगायची जागा हीच. त्यानं नकोशीला बोलावलं आणि म्हणाला, "तू लई अशक्त दिसतीस. तुजीबी तपासणी करून घिऊ." दुसरी तशीच बाटली त्यानं आणलेली होती. नकोशी सतराची. बापानं आपल्या तब्येतीची चौकशी करावी, हे तिच्या जन्मात पहिल्यांदाच घडत होतं. पोरगी हरखून गेली. आईला सांगत सुटली, "आबा माजी तपासणी करणार हायत." सकाळी वहिनीनं धुऊन-पुसून भरलेली बाटली हिंदुरावनं उकिरड्यावर रिकामी केली, नकोशीच्या बाटलीवर रोहिणीच्या नावाची चिठ्ठी डकवली आणि ती बर्फात ठेवून गाडीत बसला. मुऱ्हा म्हशीच्या तांब्यातून सॅम्पल भरायचं, तसंच. खणखणीत पोरगी, खणखणीत सॅम्पल.

रिपोर्ट आला. जंतू आढळले नाहीत.

तो कागद त्यानं चहाच्या टपरीवर सगळ्यांना दाखवला. सुनेचा लघवीचा रिपोर्ट टपरीवर! ज्या लाजेपायी हा उद्योग केला ती लाज निकाल चांगला आल्यावर कुठं गेली, कोण जाणे. घरी रोहिणीनं तो कागद त्याच्या हातून घेतला आणि देव्हाऱ्यात देवाजवळ ठेवला. कुशाबाई माझ्या बायकोला म्हणाली होती, "लई दिसांनी पोरगी रातच्याला गाढ झोपली." मला या सगळ्या प्रकरणातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा तिच्या त्या झोपेचा जास्त संताप येतो.

दुसऱ्या तपासणीच्या वेळी बापानं पुन्हा नकोशीकडून बाटली भरून घेतली, आणि त्या वेळी तिनं त्याला वहिनीची बाटली उपडी करताना पाहिलं. तिनं विचारलं तर तो खेकसला, "गप. घराच्या अब्रूचा सवाल हाय. सॅम्पल चांगलं गेलं तर तुज्या वहिनीचं नाव चांगलं ऱ्हाईल." पोरगी गप्प बसली. त्या घरात गप्प बसायचं शिक्षण चांगलं मिळत होतं, आईकडून आणि भावाकडूनही. दुसरा रिपोर्टही तसाच स्वच्छ आला.

दिवाळी झाली आणि रोहिणीला सातवा लागला. मग तिला हुडहुडी भरली. तीन-तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे, आणि पाठीत एका बाजूला अशी कळ यायची की ती भिंतीला धरून उभी राहायची. कुशाबाई म्हणाली, बारामतीला न्या. हिंदुरावनं रिपोर्ट आपटला. "हे बघ, कायबी न्हाय म्हणून छापून आलंय." त्यानं तिला कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडं नेलं आणि त्याच्यापुढंही तोच कागद धरला. कालव्याकडंची वस्ती, डासांचे दिवस, लघवी स्वच्छ. डॉक्टरनं हिवतापाच्या गोळ्या दिल्या. त्या माणसाला मी दोष देत नाही, त्याला दाखवलं तेच त्यानं पाहिलं.

आणि रोहिणी स्वतः काय म्हणत होती? "आत्या, रिपोर्ट चांगला हाय न्हवं, म्हंजी हिवतापच आसंल. उतरंल." कुशाबाईनं हे सांगितलं तेव्हा माझी बायको उठून आत निघून गेली.

ताप उतरला नाही. एका दुपारी पोटात कळा सुरू झाल्या तेव्हा कुठं जीप बोलावली. शुद्ध बोलायला म्हणून पुन्हा मला घेतलं. कुशाबाई मागं रोहिणीचं डोकं मांडीवर घेऊन बसली, नकोशी पायाशी. अंथुर्ण्यापासून बारामतीपर्यंतच्या खड्ड्यांत रोहिणी दर कळेला नकोशीचा हात आवळत होती, आणि नकोशी तिच्या तोंडाकडं बघत नव्हती. मला वाटलं, पोरगी घाबरली आहे.

डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, पाठीवर त्या बाजूला हलकी चापट मारली तर रोहिणी किंचाळली. बाईंनी दोन्ही रिपोर्ट पुन्हा हातात घेतले, उलटसुलट पाहिले. "जुळत नाही," त्या म्हणाल्या. "अंगावर सगळी लक्षणं त्याचीच आहेत आणि कागद म्हणतो काही नाही. सिस्टर, लघवी पुन्हा घ्या, आत्ताच्या आत्ता तपासायला पाठवा, वरवरचं तर लगेच कळतं. ते कळल्याशिवाय औषध कुठलं द्यायचं ते मला ठरवता येत नाही."

तपासणीचं दुकान रस्त्यापलीकडं. सिस्टरनं बाटली भरून आणून बाहेर विचारलं, "कोण नेतंय?" मी उठेपर्यंत हिंदुरावनं ती झडप घालून घेतलीसुद्धा. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, निदान आता तरी गड्याला घाई झाली. किती मूर्ख होतो मी, इतक्या वर्षांच्या ओळखीनंतर!

तो रस्त्याकडं गेलाच नाही. मागच्या मोरीकडं गेला. थोड्या वेळानं मला दिसलं, की तो नकोशीला कोपऱ्यात घेऊन दबक्या आवाजात काहीतरी सांगतोय आणि तिच्या हातात बाटली कोंबतोय. बाटली रिकामी. मी जवळ गेलो तेव्हा त्याचे शब्द कानावर पडले. "आता येगळं निघालं तर मागलं दोन्ही खोटं ठरत्याल. फॅट एकदम पडल्यावर वरनं चौकशी येती, तसंच हाय हे. जा, भरून आण. लवकर कर."

आत त्याची सून कळा देत होती. डॉक्टर औषधासाठी अडून बसली होती. आणि हा आपल्या फॅटची रेघ सांभाळत होता. माणसानं किती खाली जावं, याला काही तळ असेल असं तोवर मला वाटायचं.

नकोशीनं बाटलीकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं. मग ती मोरीकडं वळली नाही. व्हरांड्यातून सरळ चालत गेली, बाकांवर बसलेल्या वीस माणसांसमोरून, आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ती रिकामी बाटली ठेवली. तिचा आवाज फाटलेला होता, पण बाहेरपर्यंत ऐकू आला.

"बाई, मागल्या दोन्ही टायमाला ह्यात माजी लघवी व्हती. वहिनीची न्हवती. आत्तापण आबांनी वहिनीची वतून टाकली."

व्हरांड्यातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. बिनलग्नाची पोरगी, गरोदर बायकांच्या दवाखान्यात उभी राहून आपली लघवी तपासल्याचं सांगते. आमच्या भागात एवढ्यावर ठरलेली लग्नं मोडतात. हे तिलाही ठाऊक होतं. सतरा वर्षांच्या त्या पोरीच्या अंगी जेवढी छाती होती तेवढी मला समितीच्या अख्ख्या यादीत दिसत नाही.

बाईंनी हिंदुरावला आत बोलावलं. मीही मागोमाग गेलो. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "खरं आहे?"

आणि हिंदुराव, आमचा एकसष्टीचा सत्कारमूर्ती, हात जोडून म्हणाला, "बाई, पर रिपोर्ट तर पास आलं व्हतं न्हवं?"

बाईंनी मान वळवली ती पुन्हा त्याच्याकडं नाही. "सिस्टर, मूत्रपिंडात गेलंय असं धरून शिरेतून इंजेक्शन सुरू करा. दुसरी बाटली घ्या आणि तुम्ही स्वतः पोचवा." मला म्हणाल्या, "मास्तर, चौथ्या महिन्यात हे कळलं असतं तर साध्या गोळ्या होत्या."

बाहेर हिंदुरावनं नकोशीला धरलं. "तोंड काळं केलंस माजं चार लोकांत. आता तुला कोण करून घेतंय?" त्यानं हात उगारला. तेव्हा ती अबोल कुशाबाई मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "हात लावून बघा." बस्स, एवढंच. हिंदुरावचा हात खाली आला. रविराज कंपनीतून आला तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि सगळं ऐकल्यावर म्हणाला, "आबांनी घरासाठीच केलं आसंल." शिकलेला पोरगा. सातवीपर्यंत मीच शिकवलेला.

कळा थांबवता आल्या नाहीत. मुलगा झाला, ओंजळीत मावेल एवढा. रडला मात्र. ते रडणं व्हरांड्यात ऐकू आलं आणि गेणबा, तो तेवढ्यात कळसहून येऊन पोचला होता, माझा दंड धरून म्हणाला, "जितं हाय मास्तर, जितं हाय." जंतूंनी आईला सोडलं, इंजेक्शनांनी दोन दिवसांत तिचा ताप उतरला. पोराला नाही सोडलं. ते दुसऱ्या दिवशी दुपारी गेलं. रोहिणीच्या अंगावर पान्हा तसाच होता. गेणबानं नातवाला स्वतःच्या हातानं पुरलं. हिंदुराव दुधाच्या गाडीला उशीर होतो म्हणून पहाटेच निघून गेला होता.

घरी सोडायच्या दिवशी तो जीप घेऊन आला. इस्त्रीचे कपडे, टोपी. रोहिणी दवाखान्याच्या पायरीवर उभी होती, कुशाबाईनं तिला एका बाजूनं धरलं होतं आणि नकोशीनं दुसऱ्या. हिंदुरावनं व्याह्याकडं न बघताच सांगितलं, "चार दिस कळसला न्या, मग रवी घ्यायला यील." मग सुनेजवळ जाऊन आवाज खाली आणला. "हे बघ, झालं ते झालं. कुनी इचारलं तर हिवताप डोस्क्यात गेला म्हणायचं. घरातलं घरात."

रोहिणीनं मान वर केली. सासऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून तिनं आधी कधी पाहिलं नव्हतं. "मामा," ती म्हणाली, "एक डाव तरी माजी बाटली न्यायची व्हती. जे निघायचं ते निघालं आसतं. वंगाळ तर वंगाळ. गोळ्या खाल्ल्या आसत्या मी."

त्यावर त्या माणसाचा चेहरा पडावा, निदान डोळे तरी खाली जावेत, म्हणून मी त्याच्याकडं बघत होतो. त्यानं मान वळवून आधी मागं पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

ऐकलं होतं. दारातल्या सिस्टरनं ऐकलं, जीपच्या ड्रायव्हरनं ऐकलं, गेणबानं ऐकलं. आणि मी तर दोन पावलांवरच उभा होतो.